आत काम चालू आहे

१

रोज दुपारी एक वाजता मी कचेरीत एक फेरी मारतो. मंडळी जेवायला गेलेली असतात आणि मागे प्रत्येकाची अक्कल टेबलावर उघडी पडलेली असते. कुणाच्या स्क्रीनवर अर्धवट पत्र, कुणाच्या स्क्रीनवर मेहुणीच्या लग्नाचे फोटो. कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड, तोही पोराचं नाव आणि जन्मसाल. कुणीही यावं, खुर्चीत बसावं आणि त्या माणसाच्या नावाने काय वाटेल ते करून उठावं.

कोकंदची ही पाणी-मोजणी कचेरी. विहिरींची पातळी मोजायची, आकडे भरायचे, वर ताश्कंदला पाठवायचे. सतरा माणसं आहेत आणि त्यांचे कॉम्प्युटर सांभाळायला मी, सोबिर. बारा वर्षं मी एकच गोष्ट सांगतोय. उठताना खिडकीचं चित्र असलेली कळ आणि एल, दोन्ही एकदम दाबा. स्क्रीनला कुलूप लागतं, आतलं काम थांबत नाही. परत या, पासवर्ड घाला, होतं तिथून पुढे चालू. दोन बोटांचं काम. पण नाही. अर्धे सगळं उघडं टाकून जातात आणि उरलेले घाबरून कॉम्प्युटरच बंद करतात, म्हणजे तीन दिवसांचं गणित पाण्यात. मग माझ्याकडे रडत येतात. मी त्यांना चहा देतो, प्याला काठोकाठ भरून. आमच्याकडे अर्धा प्याला म्हणजे मान, आणि भरलेला म्हणजे प्या आणि निघा. एवढं तरी त्यांना कळतं.

मी भिंतीवर पाटीसुद्धा लावली : 'कुलूप लावा. आत काम चालू राहील.' दुसऱ्या दिवशी तिच्या खिळ्याला कुणीतरी टोपी अडकवली होती.

धड प्रश्न विचारला तो फक्त मुकर्रम ओपांनी. साठीला टेकलेली बाई, चाळीस वर्षं विहिरींचे आकडे लिहीत आलेली. ओपा, म्हणजे ताई, सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्या मला मायेने सोबिरजोन म्हणतात.

"सोबिरजोन, मी कुलूप लावून घरी गेले, तरी आत काम चालूच?"

"चालूच."

"मग ते करतं कोण?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "तुमच्या नावाने उघडलंय ना? मग आत तुम्हीच. बाहेरची बाई कुठे का हिंडेना."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

२

मार्चमध्ये मुकर्रम ओपांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी ताश्कंदला जावं लागलं. जायच्या सकाळी त्यांनी चाळीस वर्षांच्या आकड्यांचं मोठं गणित लावलं. आमच्या जुनाट कॉम्प्युटरवर त्याला एकोणीस दिवस लागणार होते. कळा दाबल्या, कुलूप लावलं. मी मनात म्हटलं, चला, एका तरी डोक्यात प्रकाश पडला.

मग त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली नोन काढली. घरच्या तंदुरातली गोल जाड रोटी, मधे खिळ्यांच्या ठशाची नक्षी, वर काळे तीळ. तिच्या कडेला एक चावा घेतला, सावकाश चावला, आणि उरलेली नोन कॉम्प्युटरच्या डब्यावर उताणी ठेवली.

"हे काय आता?"

"माहीत नसल्यासारखं काय विचारता? तुमच्या आईने ठेवली नव्हती, तुम्ही फौजेत गेलात तेव्हा?"

ठेवली होती. पोरगा लांब निघाला की आमच्याकडे नोनेचा चावा घ्यायला लावतात आणि उरलेली भिंतीला टांगतात. महिने गेले, वर्ष गेलं, नोन दगड होते, पण कुणी हात लावत नाही. चावा घेतलेल्यानेच परत येऊन ती संपवायची. माझी नोन आईने उशाशी टांगली होती. मी परत आलो आणि ती भिजवून खाल्ली, कारण आई रडत होती. नोन काही मला परत घेऊन आली नव्हती, मला आगगाडीने आणलं.

"चावा घेतला की माणूस गेला," ओपा म्हणाल्या. "संपवली की आला. तोवर मधे लटकलेला. तुमच्या कुलपासारखंच की हे, सोबिरजोन."

"माझं कुलूप विज्ञानावर चालतं, ओपा."

"चालू दे. फक्त माझी नोन जपा. मला परत यायचंय."

शिकलेली बाई, आयुष्यभर आकड्यांत काढलेलं, आणि शेवटी भरवसा कशावर, तर कणकेवर. मला खरोखर कीव आली.

३

त्या गेल्या आणि तासाभरात मी नोन उचलली. हवा जायच्या जाळीवरच ठेवली होती बाईने. होसियत खोला फरशी पुसत होती. ही आमची सफाईवाली; खोला म्हणजे मावशी. मला उका म्हणते, धाकटा भाऊ, जणू मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलोय.

"खोला, हा कचरा न्या इथनं. पाखरांना घाला."

मी नोन तिच्या बादलीशेजारी टाकली. ती पालथी पडली. खोलाने झटकन उताणी केली, कपाळाला लावली.

"उका, कचरा म्हणू नका हो. नोन आहे ती."

"मग पाखरांना आवडेल."

तिने बादली उचलली. नोन पदरात गुंडाळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ओपांच्या मुलीचा, दिलनवोजचा, ताश्कंदहून फोन आला. ती मला अका, म्हणजे दादा, म्हणते. "सोबिर अका, आईला उद्या सकाळी आत नेतायत. ती एकच धरून बसलीय. नोन नीट आहे ना? एक फोटो पाठवाल? फोटो बघितल्याशिवाय मी झोपणार नाही म्हणते."

आता काय सांगणार? खोलाला विचारणं शक्य नव्हतं. काल जिला झापलं तिच्यापुढे आज तोंड पाडून उभा राहू? आणि नोन कधीच चिमण्यांच्या पोटात गेली असणार. मी कोपऱ्यावरच्या तंदुरावर गेलो, काळ्या तिळाची नोन घेतली, जागेवर येऊन बसलो. ओपांनी जिथे चावा घेतला होता तिथेच, तेवढाच चावा घेतला. फसवणूक म्हणाल तर तीन बोटांएवढी. नोन डब्यावर ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला.

पलीकडून उत्तर आलं : 'आई हसली. देव तुमचं भलं करो.'

बघा, एवढ्यावर समाधान. तोंडातला घास गिळून मी माझ्या कॉम्प्युटरकडे वळलो. स्क्रीनला कुलूप लागलेलं होतं.

मी कळा दाबल्या नव्हत्या. दहा मिनिटं हात लावला नाही तर ते आपोआप लागतं, मीच तसं करून ठेवलंय. पण फोटो काढायला दहा मिनिटं लागली नव्हती.

४

ऑपरेशन नीट झालं. कचेरीत सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, जणू यांनीच टाके घातले.

पाचव्या दिवशी मी एक पत्र अर्ध्यात सोडलं. 'तरी या कामी आपल्याकडून' इथवर लिहिलं, कुलूप लावलं, पलावाची वेळ होती म्हणून चहाखान्यात गेलो. परत येऊन पासवर्ड घातला. पत्र पूर्ण झालेलं होतं. नुसतं पूर्ण नाही, चांगलं झालेलं होतं. दोन वाक्यांत ताश्कंदच्या साहेबाची अक्कल काढलेली, आणि अशा बेताने, की त्याला महिनाभर कळू नये. माझीच भाषा. पत्र गेलेलंही होतं, एक वाजून वीस मिनिटांनी. एक वाजून वीस मिनिटांनी मी चहाखान्यात हाडातला गर काढत होतो.

मी नोंदी बघितल्या. कॉम्प्युटर सगळं टिपून ठेवतो, माणसांसारखा विसरत नाही. कुलूप लागलं बारा अठ्ठावन्नला, उघडलं एक एक्केचाळीसला. मधे कुणी शिरलेलं नाही, बाहेरून कुणी जोडलेलं नाही. म्हणजे पत्र मीच जाण्याआधी लिहिलं आणि विसरलो, घड्याळ चुकलंय. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला झोपायला पाठवलं असतं. स्वतःला पाठवलं नाही, इतकंच.

५

मग आवाज.

माझा डावा अंगठा शाळेत दारात चेंगरला होता, तो वाकडाच राहिला. मोकळी जागा सोडायची लांब कळ मी दाबतो तेव्हा अंगठा दोनदा आपटतो आणि मला एक जागा खोडावी लागते. टक-टक, टिक. लोक माझ्या पाठीमागे याची नक्कल करतात, मला माहीत आहे.

आठव्या दिवशी मी जेवून परतलो आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर थांबलो. आतून येत होतं : टक-टक, टिक. टक-टक, टिक. न थांबता, सवयीच्या हाताने.

मला राग आला. कुणीतरी माझी टर उडवतंय, तीही माझ्याच खुर्चीत बसून. मी दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. स्क्रीनवर कुलूप, खाली माझं नाव, नावाखाली नेहमीची बारीक अक्षरं : प्रवेश केलेला आहे.

खुर्चीला हात लावला. गरम होती.

बाहेर होसियत खोला बादली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग खोलीकडे. "उका, तुम्ही आत्ता आत होतात ना? मी चहा दिला तुम्हाला."

"मला? कधी?"

"आत्ताच की. मागे न बघता हात पुढे केलात." तिने डोळे बारीक केले. "बरं नाहीये का? उतरल्यासारखे दिसताय."

टेबलावर रिकामा प्याला होता. तळाशी दोन पानं, ओली.

६

मी मूर्ख नाही. मी प्रयोग केला.

कुलूप लावण्याआधी चहाचा प्याला कळफलकावर पालथा घातला आणि बाहेरून दाराला किल्ली लावली. चावी खिशात. खिडकीला गज आहेत. अर्धा तास वऱ्हांड्यात उभा राहून दाराकडे बघत होतो. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. फक्त टक-टक, टिक. दाराला कान लावला तर मधेच खुर्ची करकरली आणि कुणीतरी नाकाने फुस्स केलं. असा आवाज मी करतो, कुणी मूर्खासारखं काही लिहून पाठवलं की.

दार उघडलं. प्याला धुऊन फडताळात ठेवलेला होता, दांडीवर फडकं पसरलेलं, चार कोपरे सरळ. तसं फक्त मीच पसरतो.

शेजारच्या खोलीत ओपांच्या डब्यावर नोन होती. वाळून कडक झालेली, माझे दात तिच्यावर स्पष्ट उमटलेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट बघितलं. चावा घेतला की माणूस गेला. संपवली की आला.

खाऊन टाकावी? शंभरदा मनात आलं. वाळलेला तुकडा, चहात बुडवला की दोन मिनिटांचं काम. पण खाल्ली असती तर मी मानल्यासारखं झालं असतं. बारा वर्षं ज्यांना हसलो त्यांच्या पंगतीत जाऊन बसल्यासारखं. आणि ओपा येऊन विचारणार, नोन कुठे? मी स्वतःला म्हणालो, उद्या बघू, आणि दिवा मालवून निघालो.

तिथेच मी चुकलो.

७

पुढचे दिवस मी मोजले नाहीत. लोकांची नजर माझ्यावरून घसरायला लागली. चहाखान्यात दोनदा मागून पलाव मिळाला नाही. रस्त्यात सलाम केला तर लोक उत्तर देत, पण अनोळखी पाव्हण्याला द्यावं तसं. मी म्हटलं, वसंत ऋतू आहे, सगळ्यांची डोकी जड झालीयत.

ओपांचं गणित संपायचं होतं त्या सकाळी दारावरच्या पहारेकऱ्याने, एर्गश अकाने, मला हात आडवा केला. बारा वर्षं माझ्याशी बुद्धिबळ हरलेला माणूस.

"कोणाकडे काम आहे?"

"एर्गश अका, शुद्धीवर या. मी सोबिर."

"सोबिर अका केव्हाचे आत आलेत. कामात आहेत." तो जरा वाकून म्हणाला, "त्यांना उगाच डिवचू नका हं, तोंडाने फार खराब माणूस आहे. बसा इथे. चहा घ्या."

त्याने प्याला दिला. काठोकाठ भरलेला.

तो वळल्यावर मी आत शिरलो. माझी खोली उघडी होती, खुर्ची मागे सरकवलेली. मी घाईघाईने पासवर्ड घातला. चुकीचा आहे, म्हणाला. पुन्हा एकेक अक्षर बघून घातला. चुकीचा. हा पासवर्ड मी कधी कुणाला सांगितला नाही, कुठे लिहिला नाही. माझ्याशिवाय तो जगात कुणालाच माहीत नव्हता, आणि आता मलाही नव्हता. काळ्या काचेत माझ्या तोंडाच्या जागी खिडकीचा उजेड दिसत होता, नुसता उजेड, मधे काही नाही.

तेवढ्यात शेजारून टाळ्या ऐकू आल्या. मुकर्रम ओपा आल्या होत्या.

८

मी दारात उभा राहिलो. ओपा वाळल्या होत्या, पण तोंडावर तेज होतं. होसियत खोलाने पदराखालून फडकं काढलं आणि सोडलं. आत नोन होती. घरच्या तंदुरातली, काळ्या तिळांची, कडेला एकच लहान चावा.

"मला म्हणाले पाखरांना घाला," खोला सांगत होती. "माझा हात धजतोय का, ओपा? घरी नेऊन भिंतीला टांगली. रोज वाटेल तेवढी दुवा मागितली."

ओपांनी तिला मिठी मारली. मग खुर्चीत बसून वाळलेली नोन चहात बुडवून शेवटच्या तिळापर्यंत खाल्ली. डोळे वाहत होते. मग पासवर्ड घातला. गणित पूर्ण झालं होतं. चाळीस वर्षांच्या विहिरी रांगेत उभ्या होत्या. सगळे हसले. मी सोडून सगळे.

कॉम्प्युटरच्या डब्यावर काही नव्हतं.

"इथे एक नोन होती," मी म्हणालो. "चावा घेतलेली."

सगळे वळले. ओपांच्या नजरेत कुणाही वाटसरूला मिळेल एवढी माया होती, तेवढीच. "या, बसा. कोण तुम्ही?"

"ती नोन कुठे आहे?"

"ती होय?" खोला म्हणाली. "कुणाची कोण जाणे, धूळ खात पडली होती. मी ठेवणारच होते, कुणीतरी परत येईल म्हणून. पण सकाळी सोबिर उका ओरडले..."

आणि तेव्हाच माझ्या खोलीतून आवाज आला. मी आत्ताच तिथून बाहेर पडलो होतो, माझ्यामागून कुणी आत गेलं नव्हतं. कंटाळलेला, नाकातून येणारा, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ न देणारा आवाज. बारा वर्षं तो लोकांना कसा ऐकू येत असेल, हे मला पहिल्यांदा कळलं.

"खोला, तो कचरा नेलात का इथनं? पाखरांना घाला म्हणालो होतो ना?"

"घातला, उका," खोला म्हणाली. "केव्हाच घातला."

ओपांनी मला अर्धा प्याला चहा ओतून दिला. तो तसाच ठेवून मी अंगणाकडे धावलो.

९

अंगणात तुतीच्या झाडाखाली चिमण्या होत्या. मी धावत गेलो तशा त्या उडाल्या. मी गुडघ्यांवर बसलो. फरशीच्या फटी, झाडाचं आळं, पायपुसण्याची मागची बाजू, सगळीकडे बोटं घातली. एक कण मिळाला असता तरी चाललं असतं. संपवायची म्हणजे शेवटचा घास मी घ्यायचा, एवढंच ना? तो मुंगीएवढा का असेना. एक काळा तीळ मिळाला. उचलला तर तो तीळ नव्हता, खडा होता. तरी मी तो चावून बघितला.

मी हे सगळं मानत नाही. आजही मानत नाही. पण गुडघे फुटले होते आणि मी शोधत होतो, मोठ्याने रडत होतो, आणि फाटकातून जाणारे लोक कडेने जात होते.

आतून घड्याळाचा टोला आला. एक वाजला होता. कचेरी जेवायला उठली, ओपांना मधे घेऊन चहाखान्याकडे गेली. मग रिकाम्या खोल्यांतून पावलं निघाली. एका टेबलापाशी थांबत, नाकाने फुस्स करत, दोन कळा दाबत, पुढच्या टेबलाकडे. माझी फेरी सुरू झाली होती.

अंगणाकडची खिडकी उघडी होती. पावलं तिच्यापाशी येऊन थांबली. पडद्याआडून फक्त एक हात बाहेर आला, कडी शोधत. डावा. अंगठा वाकडा.

"मला आत घे," मी म्हणालो. "अरे, मी सोबिर. मीच आहे. बाहेर मीच आहे."

हात क्षणभर थांबला. आतून हसल्याचा आवाज आला, अगदी थोडा, तिरस्काराचा.

"बाहेरचा माणूस कुठे का हिंडेना," तो म्हणाला, आणि कडी लावून घेतली.

तुतीवर चिमण्या परत येऊन बसल्या होत्या. मी पुन्हा खाली वाकलो.